पहिल्या वर्षाच्या कागदावर माणूस कुठे आहे?

कोल्हापुरात डिझाइन शिकवणाऱ्या कॉलेजांचे पहिल्या वर्षाचे वर्ग भरायला लागतात तेव्हा बहुतेक वेळा पंचगंगाही पात्राबाहेर पडलेली असते. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत असते: इतके फूट, इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. तेव्हापासून पावसाळ्यात घराघरांत सकाळची पहिली चौकशी होते ती या आकड्याची.

पण हा आकडा कुणाला काय सांगतो? पुराचं पाणी लवकर शिरणाऱ्या सुतारवाड्यात जन्म गेलेल्या बाईला फूट ऐकले की पाणी आपल्या उंबऱ्यापासून किती लांब आहे ते कळतं. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतल्या शेतकऱ्यालाही कळतं. त्याच गल्लीत गेल्या वर्षी तळमजल्यावर भाड्याने आलेल्या कुटुंबाला मात्र ‘४१ फूट ३ इंच’ यातून काहीच उमगत नाही. ते फूट बंधाऱ्यावरच्या पट्टीचे आहेत, त्यांच्या दाराचे नाहीत. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याला ऐकू येत नाही, त्यांच्यापर्यंत ही माहिती कशी पोचते? आणि पोचली, तरी घर कधी सोडायचं हे ते कशावरून ठरवतात?

डिझाइन शिकायला आलेल्या मुलामुलींना पहिल्या महिन्यात हेच काम द्यावं, असं माझं ठाम मत आहे. मग ती इंजिनिअरिंगची असोत, आर्किटेक्चरची, कमर्शियल आर्टची, फॅशनची की कॉम्प्युटरची. पाणीपातळीचा निरोप ही माणसाने रचलेली वस्तू आहे. ती कुणीतरी ठरवली, कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून ठरवली, आणि काही माणसं त्या वेळी डोळ्यांसमोर नव्हती. डिझाइनची सामाजिक जबाबदारी म्हणतात ती या दोन वाक्यांत आली. ती शिकवायला शेवटच्या वर्षापर्यंत थांबायची गरज नाही आणि तिच्यासाठी वेगळा तास तर मुळीच नको.

आज काय होतं ते पाहा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगमध्ये शंकू आणि लोलकाची प्रक्षेपणं काढायची. आर्टच्या फाउंडेशनला रंगचक्र, अक्षरलेखन, स्टिल लाइफ. कॉम्प्युटरला सी लँग्वेज. या सगळ्याला माझा विरोध नाही, हात आणि डोळा त्यातूनच तयार होतो. अडचण दुसरीकडे आहे. समाज नावाची गोष्ट मुलांना भेटते ती मूल्यशिक्षणाच्या दोन श्रेयांकांत, एखाद्या पाहुण्या वक्त्याच्या भाषणात, नाहीतर ‘पाणी वाचवा’च्या पोस्टर स्पर्धेत. म्हणजे पहिल्या वर्षालाच मुलांच्या डोक्यात दोन कप्पे तयार होतात. एका कप्प्यात खरं काम, ज्याला मार्क असतात आणि पुढे नोकरी असते. दुसऱ्यात चांगलं वागण्याच्या गोष्टी, ज्या परीक्षेच्या आदल्या रात्री वाचल्या तरी चालतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला अभ्यासक्रमाची भाषा फार लवकर कळते. कशाला महत्त्व द्यायचं हे तो भाषणातून शिकत नाही, वेळापत्रकावरून शिकतो.

आक्षेप ठरलेला आहे, आणि तो प्रामाणिक शिक्षकांकडून येतो म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, आधी हात बसू दे, सरळ रेघ काढता येऊ दे, जबाबदारीचं पुढे बघू. मी त्यांना रॅम्पचं उदाहरण देते. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला चढता येईल असा उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबी. सरकारी कचेरीच्या दारात पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या चार पायऱ्या असतील तर उंची झाली साठ सेंटिमीटर. रॅम्प लागेल सात मीटर वीस सेंटिमीटर. शिवाय वर खुर्ची वळवायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे. पहिल्या वर्षाच्या मुलीला सांगा, तुझ्या घराजवळच्या कुठल्याही कचेरीचा, बँकेचा किंवा दवाखान्याचा रॅम्प मोज आणि प्रमाणात काढ. टी-स्क्वेअर तोच, पेन्सिल तीच, प्रक्षेपणंही तीच. पण कागदावर उतरवताना तिच्या लक्षात येतं की जागेवर जो रॅम्प आहे तो जेमतेम दोन मीटरचा आहे, त्याच्या पायथ्याशी गटाराची फरशी उचकटलेली आहे आणि वरच्या टोकाला परत एक पायरी आहे. म्हणजे कुणीतरी तो फक्त तपासणीच्या कागदापुरता बांधला. हे तिला मी सांगायची गरज उरत नाही. तिच्या स्वतःच्या मापांनी सांगितलेलं असतं, आणि ते ती कधी विसरत नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये आला. पण कोल्हापूरला या विषयाची शिकवण त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था १९८४ मध्ये याच शहरात उभी केली. खुर्चीवरून दार उघडायचं, संडासात वळायचं, फळ्यापर्यंत हात पोचवायचा, या गोष्टींचं इतकं बारीक ज्ञान ज्यांच्याकडे आहे अशी माणसं आपल्या गावात असताना आपण मुलांना परदेशी स्लाइड दाखवून ‘सहानुभूती’ शिकवतो, याचं मला वाईट वाटतं.

कौशल्य आणि जबाबदारी यांची गाठ किती घट्ट असते ते जयपूर फूटमध्ये दिसतं. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला. बाहेरून येणारा कृत्रिम पाय बूट घालून, सपाट जमिनीवर, खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी होता. इथल्या माणसाला उकिडवं बसायचं होतं, मांडी घालायची होती, अनवाणी चिखलात उतरून शेतात जायचं होतं. या गरजा बाजूला ठेवून आधी ‘उत्तम पाय’ करता आलाच नसता. उत्तम म्हणजे काय हेच त्या गरजांनी ठरवलं.

आता चपलेकडे येते, कारण कोल्हापुरात डिझाइनबद्दल लिहायचं आणि पायताण टाळायचं हे जमणार नाही. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोत कोल्हापुरीसारखी चप्पल आली आणि तिचा उगम कुठला याचा उल्लेख नव्हता. शहर खवळलं, आणि ते योग्यच होतं. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून. पुढे कंपनीने उगम मान्य केला, तिची माणसं इथे येऊन कारागिरांना भेटली. पण या प्रकरणाचा जो धडा आमच्या वर्गात यायला हवा होता तो आला नाही. आम्ही फक्त मिलानकडे बोट दाखवलं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही ‘क्राफ्ट व्हिजिट’ला नेतो. मुलं फोटो काढतात, कान, पट्टा, अंगठा, वेणी यांची रेखाटनं करतात, परत येऊन त्या वेणीचं मोटिफ मोबाइलच्या कव्हरवर किंवा कुर्त्याच्या काठावर बसवतात, आणि प्रदर्शनात खाली स्वतःचं नाव लिहितात. कारागिराचं नाव कुठेच नसतं. सगळी दुपार त्याने काम थांबवून माहिती दिली, त्याचे पैसेही कुणी देत नाही. मिलानमध्ये जे झालं ते यापेक्षा मोठं होतं, पण प्रकार तोच होता. मुलांच्या हातून ते पहिल्याच वर्षी, शिक्षकाच्या देखत आणि शाबासकी घेऊन होतं.

या भेटीत शिकवायला किती आहे! बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात चामडं कमावायला किती दिवस जातात. खिळा न मारता चामड्याच्या वादीने तळ कसा शिवतात. कापशी आणि बक्कलनाली या चपलेच्या प्रकारांच्या घडणीत काय फरक असतो. वेणी घालायचं काम बहुतेक घरातल्या बायका करतात आणि चप्पल विकली जाते तेव्हा त्या कामाचे किती पैसे त्यांच्या हातात पडतात. दुकानातल्या किमतीचा कितवा हिस्सा शिवणाऱ्याकडे जातो हे मुलांनी विचारून, कागदावर मांडून पाहिलं पाहिजे. आणि सगळ्यात अवघड गोष्ट: ज्या समाजाने हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्याला याच कामासाठी शिवाशिव सोसावी लागली. वस्तूचा अभिमान आणि वस्तू करणाऱ्याचा अपमान इथे शेजारी शेजारी नांदले. हे न सांगता चपलेचं सौंदर्य शिकवणं म्हणजे निम्मं शिकवणं. चर्मकार समाजातली मुलं त्याच वर्गात बसलेली असतात, आपल्या आजोबांचं काम शिक्षकाने ‘एथनिक मोटिफ’ म्हणून दाखवलेलं ती पाहत असतात. त्यांना काय वाटतं हे आम्ही विचारलं आहे का?

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याचं उदाहरण आहे: एका माणसाने नव्हे, अनेक पिढ्यांनी घडवलेली वस्तू. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. लोट्याची ती गोष्ट देशभर पहिल्या वर्षाला सांगितली जाते, आमच्याकडेही. सुंदर आहे ती, पण त्यात एक धोका आहे. ‘अनेक पिढ्यांनी’ म्हटलं की आज जिवंत असलेल्या करणाऱ्याचं नाव घ्यायची जबाबदारी सुटते. म्हणून लोट्यापाठोपाठ लगेच कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या चपलेच्या कामाकडे यावं, जिथे करणारा समोर बसलेला आहे आणि त्याला नाव आहे.

कोल्हापूरला राजर्षी शाहूंचं नाव घेतल्याशिवाय भाषण संपत नाही. मीही घेणार आहे, पण जयजयकारासाठी नाही. १९१२ मध्ये खुलं झालेलं खासबाग मैदान पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने पायाखाली घालावं. मध्ये आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी ती रचना आहे. कुस्तीचा पट कुठूनही बसून दिसावा, मागच्या रांगेतल्या हमालालाही दिसावा, ही त्यामागची दृष्टी. पाहणाऱ्याची नजर कुठून कुठे जाते हे छेदात काढायला लावलं की भूमिती शिकवून होते आणि लोकांचा विचार करून बांधणं म्हणजे काय तेही.

दुसरं उदाहरण गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलचं. अस्पृश्य म्हणून मारहाण झालेल्या माणसाला महाराजांनी भर रस्त्यावर चहाचं दुकान काढायला लावलं आणि स्वतः तिथला चहा प्यायले. कप तोच, किटली तीच. जागा कुठली, मालक कोण, आणि सर्वांच्या देखत कोण तिथे थांबतं, एवढंच बदललं आणि सगळं बदललं. वस्तूच्या आकाराला हात न लावताही डिझाइनचा मोठा निर्णय होतो, हे मुलांना यापेक्षा चांगलं कुठे दाखवता येईल?

पुराच्या कामाकडे परत जाते, कारण मुलं काय करतात हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. प्रश्न दिला की दहाव्या मिनिटाला बहुतेक गटांचं उत्तर तयार असतं: ॲप काढू. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या सत्रात अर्ध्याहून जास्त काळ उपाय सुचवायला परवानगीच नसावी. जायचं, मोजायचं, ऐकायचं, काढायचं. कोणत्या भिंतीवर २०१९ ची पाण्याची खूण आहे, कोणत्या भिंतीवर २०२१ ची. बंधाऱ्यावर किती फूट असताना या बोळात पाणी शिरतं. पुरात कोण शेवटपर्यंत घर सोडत नाही, आणि का.

या ‘का’चं उत्तर नदीकाठच्या गावांत एकच येतं: जनावरं. गोठ्यात म्हैस बांधलेली ठेवून माणूस बोटीत चढत नाही. तिच्या दुधावर घर चालतं आणि तिच्यावर जीवही असतो. ज्या निवारा केंद्राच्या नकाशावर फक्त माणसांच्या सतरंज्या आहेत, दावण नाही, वैरणीला जागा नाही, ते केंद्र कागदावर कितीही नीट असलं तरी वेळेवर भरणार नाही. हे ज्ञान कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. ते गोठ्यात उभं राहून मिळतं. ते एकदा मिळालं की ॲपवाला गट स्वतःच विचारायला लागतो, की मग खांबावर गल्लीपुरती खूण रंगवली तर? ‘पाणी इथवर आलं की म्हशी हलवा’ असं तिथल्याच माणसाच्या भाषेत लिहिलं तर? उपाय साधा आहे, पण तो कुणासाठी आहे हे त्यांना माहीत असतं.

मोठ्या डिझाइनचेही प्रश्न इथेच भेटतात. शिरोलीजवळ महामार्गाचा भराव पाण्याला अडवतो, तो काढून खांबांवरचा पूल करा, ही पूरग्रस्तांची मागणी आहे. वाहनांसाठी आखलेल्या रेषेने नदीच्या पाण्याचं काय होतं, हा प्रश्न सिव्हिलच्या मुलाला पहिल्या वर्षाला पडला तर तो हायड्रॉलिक्स वेगळ्या ओढीने शिकेल.

काही प्रश्नांना सरळ उत्तर नसतं, आणि तसाही एक प्रश्न पहिल्या वर्षाला हवा. नोव्हेंबरात बीडकडून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’, हिशेबही त्याच नावाने. बाई डोक्यावर जड मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, आणि मुक्कामाच्या खोप्यांजवळ तिला संडास नसतो. मुलांना हे दाखवलं की ती लगेच म्हणतात, यंत्र आणा. यंत्र आलं की पाठ वाचते आणि आगाऊ मिळणारी उचलही जाते, मग गावाकडे त्या कुटुंबाने खायचं काय? या प्रश्नावर मुलं भांडतात, गप्प होतात, एखादी रडवेली होते. शिक्षकाने तिथे घाईने तोडगा काढू नये. फळीचा उतार, मोळीचा आकार, कोयत्याची मूठ, पाण्याची आणि आडोशाची सोय, इथे हात पोचतो तेवढं काम करावं, आणि जे आपल्या हाताबाहेर आहे ते अहवालात स्पष्ट लिहावं. आपल्या विद्येची हद्द कळणं हासुद्धा शिक्षणाचा भाग आहे.

कॉम्प्युटरच्या मुलांना वाटतं, हे सगळं मातीतल्या लोकांचं, आपला काय संबंध. त्यांच्यासाठी दोन गोष्टी पुरेत. फोक्सवॅगनच्या गाड्यांमध्ये प्रदूषणाची चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर २०१५ मध्ये उघडकीला आलं. ते कुणा राक्षसाने लिहिलेलं नव्हतं, पगारी इंजिनिअरांनी लिहिलेलं होतं. दुसरी गोष्ट घरातली. ॲप आणि संकेतस्थळांवरच्या, ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा तेरा युक्त्यांची यादी दिली: खोटी घाई, गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सदस्यत्व सोडताना घातलेला चक्रव्यूह. मुलांनी आपल्या आईच्या फोनमधली ॲप्स उघडून ही यादी पडताळावी, आणि मग स्वतःचं पहिलं लॉगिन पान लिहावं.

कुणी म्हणेल, घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेल्या मुलाला तुम्ही नकार द्यायला शिकवताय, त्याची नोकरी कोण सांभाळणार? ही काळजी खरी आहे. पहिल्या नोकरीत साहेबांना तोंडावर नाही म्हणणं फार थोड्यांना परवडतं. पण रोजच्या कामात शेकडो लहान निर्णय त्याच्याच हातात असतात: अक्षर किती मोठं, कठडा किती उंच, मराठी पर्याय पहिल्या पानावर की पाचव्या, नाकारायचं बटण दिसेल असं की लपलेलं. तिथे कुणाची परवानगी लागत नाही. नजर लागते, आणि ती पहिल्या वर्षाला मिळाली नाही तर चौथ्या वर्षापर्यंत बाकीच्या सवयी इतक्या पक्क्या झालेल्या असतात की नंतरच्या व्याख्यानाने फार काही हलत नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या पण नेमक्या आहेत. पहिल्या वर्षाच्या मुख्य विषयाच्या प्रत्यक्ष कामात एक तरी काम शहरातल्या खऱ्या माणसाबरोबरचं असावं. मूल्यशिक्षणात नको, ड्रॉइंगच्या, बेसिक डिझाइनच्या, प्रोग्रामिंगच्या मार्कांत. ज्या कारागिराकडे, पूरग्रस्ताकडे, चाकाच्या खुर्चीवरच्या बाईंकडे मुलं शिकायला जातात त्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतकंच मानधन मिळावं आणि प्रदर्शनात नावही लागावं, त्यांनी होकार दिला तर. रंगीत चिकट कागदांवर कल्पना लिहून भिंतीवर लावायच्या एकदिवसीय कार्यशाळांना याचा पर्याय मानू नये. त्यांत मुलं एकमेकांशी बोलतात, वापरणाऱ्याशी नाही. आणि त्या कामाचे काही गुण वापरणाऱ्याने द्यावेत. अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क कॉलेजच्या हातात असतात, तेवढ्यातसुद्धा हे बसतं, विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलायची वाट पाहायला नको. सुतारवाड्यातली बाई मुलांनी रंगवलेल्या खुणेकडे पाहून ‘मला कळलं नाही’ म्हणाली, तर तो गट नापास नाही, पण त्याचं काम अपुरं आहे. त्यांनी दुसऱ्या सत्रात परत जाऊन ते पुरं करावं, आणि शिक्षकाने त्यांच्याबरोबर जावं.